गढूळ पाण्यात आकडा वाचताना

दोन वर्षांपूर्वीच्या ऑक्टोबरात, मोसमातल्या पहिल्याच डाइव्हला, ग्रँड बेटाजवळच्या सुझीज रेक या बुडालेल्या जहाजावरून वर येताना मी मनगटावरच्या डाइव्ह कॉम्प्युटरचा, म्हणजे पाण्याखाली खोली आणि वेळ दाखवणाऱ्या उपकरणाचा, ३.४ मीटर हा खोलीचा आकडा ८.४ असा वाचला. अंगात विरघळलेला नायट्रोजन सावकाश बाहेर पडावा म्हणून पाच मीटरवर तीन मिनिटे थांबायचे हे आधीच ठरलेले होते. ती खोली यायला अजून अवकाश आहे अशा समजुतीने मी सावकाश वर सरकत राहिले आणि डोक्यावरचे पाणी एकाएकी उजळले तेव्हा माझे डोके पाण्याबाहेर आलेले होते. डाइव्ह जेमतेम बारा मीटर खोलीची आणि अर्ध्या तासाची होती, त्यामुळे काही बिघडले नाही. परंतु पंचवीस वर्षे म्हापशात लोकांचे डोळे तपासून चष्मे करून देण्याचे काम करणाऱ्या मला हा प्रसंग सहजासहजी विसरता आला नाही. माझे उपकरण बिघडलेले नव्हते, कारण त्यातल्या नोंदीत खोली बरोबर होती. चुकले होते ते केवळ वाचन.

डाइव्ह कॉम्प्युटर निवडताना मंडळी बॅटरी, हवेच्या सिलिंडरशी बिनतारी जोडणी आणि गणिताची पद्धत यांविषयी तासन्‌तास बोलतात. पडद्याविषयी मात्र ‘रंगीत आहे’ किंवा ‘खूप उजळ आहे’ यापलीकडे फारसे कोणी जात नाही. पाण्याखाली डाइव्ह करणाऱ्यांच्या घड्याळांसाठी आयएसओ ६४२५ हे आंतरराष्ट्रीय प्रमाण आहे आणि त्यात पूर्ण अंधारात २५ सेंटिमीटरवरून वेळ वाचता आली पाहिजे, अशी स्पष्ट अट आहे. त्या अटीमागचा विचार मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण ती उपकरणाकडे डोळ्याच्या बाजूने पाहते. त्याच बाजूने पाहायचे म्हणून त्या मोसमात मी एक साधा उद्योग केला. पांढऱ्या पीव्हीसीच्या पाटीवर वेगवेगळ्या जातींच्या पडद्यांचे चार कॉम्प्युटर शेजारी शेजारी बांधले. त्यांतला एक माझा होता आणि तीन ओळखीच्यांकडून मागून आणलेले. माझे नेहमीचे जोडीदार, फोंड्याचे बासष्ट वर्षांचे एक काका, आणि मी अशा दोघांनी आळीपाळीने प्रत्येक पडद्यावरची वेळ आणि खोली पाहून पाटीवर पेन्सिलीने लिहायची, आणि वर आल्यावर ती उपकरणांच्या नोंदींशी ताडून पाहायची, असे ठरवले. ग्रँड बेटापाशी तीन डाइव्ह आणि कर्नाटकात मुरुडेश्वरसमोरच्या नेत्राणी बेटापाशी दोन, एवढाच हा पसारा होता. याला शास्त्रीय चाचणी म्हणता येणार नाही, पण दोन जोडी डोळ्यांना काय दिसले आणि ते तसे का दिसले, हे सांगण्याइतका अनुभव त्यातून नक्कीच मिळाला.

आधी आपल्या पाण्याविषयी सांगायला हवे, कारण परदेशी परीक्षणे बहुधा स्वच्छ निळ्या पाण्यात केलेली असतात. ग्रँड बेट मुरगावच्या समोर, झुवारी आणि मांडवी यांच्या मुखांपासून फारसे दूर नाही. पावसाळ्यात या नद्यांनी आणलेला गाळ ऑक्टोबरपर्यंत पुरता बसलेला नसतो आणि दोन मीटरवरचा जोडीदार धूसर आकृतीसारखा दिसतो असे दिवस पुष्कळ असतात. पुढे डिसेंबर-जानेवारीत चार-पाच मीटर दिसू लागले तरी आपण त्याला चांगले पाणी म्हणतो. नेत्राणीला त्याच महिन्यांत याच्या दुप्पट-तिप्पट अंतरावरचे दिसते. शिवाय आपले पाणी निळे नसून हिरवे असते, कारण त्यात विरघळलेले सेंद्रिय पदार्थ आणि सूक्ष्म वनस्पती निळा प्रकाश शोषून घेतात. पडदा मनगटावर, म्हणजे चाळीस सेंटिमीटरवर असताना पाण्याच्या गढूळपणाने काय फरक पडणार, असा प्रश्न काकांनी पहिल्याच दिवशी बोटीवर विचारला होता. फरक पडतो, आणि तो अंदाजापेक्षा मोठा असतो. ज्या पाण्यात काळी वस्तू दोन मीटरवर दिसेनाशी होते, त्या पाण्यात चाळीस सेंटिमीटरच्या वाटेतच आकडा आणि पार्श्वभूमी यांच्यातला निम्म्याहून अधिक कॉन्ट्रास्ट संपतो, असा ढोबळ हिशेब निघतो. कणांवरून विखुरलेल्या प्रकाशाचा एक पातळ पडदा डोळा आणि आकडा यांच्यामध्ये सतत लोंबत असतो.

आता चार जातींकडे वळते. पहिली जात साध्या एलसीडीची. तिच्यात आकडा सात दांड्यांचा असतो, पडद्याला स्वतःचा प्रकाश नसतो, भोवतालचा उजेड परावर्तित करून करड्या पार्श्वभूमीवर काळा आकडा दिसतो आणि गरज पडली तर बटण दाबून मागचा दिवा लावता येतो. सुंटोचा झूप नोवो किंवा क्रेसीचा लिओनार्दो हे या जातीचे सर्वपरिचित कॉम्प्युटर आहेत. दुसरी जात गार्मिनच्या डिसेंट एमके२ आणि जी१ यांसारख्या घड्याळांतली. तिचा पडदाही मुख्यतः बाहेरच्या उजेडावर चालतो, पण त्यावर बारीक ठिपक्यांनी कोणताही आकार काढता येतो. तिसरी जात मागून सतत प्रकाश टाकलेल्या रंगीत एलसीडीची, उदाहरणार्थ शीअरवॉटरचे पर्डिक्स आणि पेरेग्रिन, ज्यांचा पडदा २.२ इंचांचा आहे. चौथी जात अमोलेडची, जिच्यात प्रत्येक ठिपका स्वतःच प्रकाश देतो. शीअरवॉटरचे टेरिक, गार्मिनचे एमके३, सुंटोचे ओशन ही त्यातली नावे, आणि २०२२ मध्ये आलेले ॲपल वॉच अल्ट्रा हेही ओलेड पडद्याचेच (अमोलेड हा ओलेडचाच एक प्रकार).

माझी ऑक्टोबरातली चूक पहिल्या जातीच्या पडद्यावर झाली आणि तिचे कारण पुढे टेबलावर त्याच उपकरणाकडे निरनिराळ्या कोनांतून पाहताना सापडले. सात दांड्यांच्या आकड्यात ३ आणि ८ यांच्यात डावीकडच्या दोन उभ्या दांड्यांचाच फरक असतो. अशा पडद्याकडे तिरके पाहिले की ज्या दांड्या ‘बंद’ असायला हव्यात त्याही फिकट करड्या दिसू लागतात. नजर स्वच्छ असेल तर फिकट आणि गडद यांतला फरक कळतो; गढूळ पाण्याने तो फरक निम्म्यावर आणला आणि डोळ्याला थोडे धूसर दिसत असले की ३ चा ८ होतो, ५ चा ६ होतो. वर येताना एका हातात बीसीडीची, म्हणजे तरंगण्यासाठी हवा भरायच्या जाकिटाची, नळी धरलेली असते, दुसरा हात दोरीवर असतो आणि मनगट डोळ्यासमोर सरळ येतच नाही. म्हणजे तिरके पाहणे हा अपवाद नसून नेहमीची रीत आहे. पाटीवरच्या नोंदीत आम्हा दोघांच्याही ज्या चुका सापडल्या त्या जवळजवळ सगळ्या याच प्रकारच्या होत्या, आणि सगळ्या ग्रँड बेटाच्याच होत्या. नेत्राणीच्या पाण्यात तोच पडदा आम्ही दोघांनी बिनचूक वाचला.

तिरक्या नजरेचा आणखी एक परिणाम आहे, जो दुकानात उपकरण हातात घेऊन कधीच कळत नाही. काही उपकरणांत वरची काच आणि आतला पडदा यांच्यामध्ये हवेची पातळ पोकळी असते. पाण्यातून हवेत जाणाऱ्या प्रकाशाचा क्रांतिक कोन सुमारे ४९ अंश असतो; त्यापेक्षा अधिक तिरक्या कोनातून पाहिले तर पूर्ण आंतरिक परावर्तन होते आणि आकड्यांच्या जागी नुसता चांदीचा आरसा दिसतो. हवेत तेच उपकरण जवळजवळ आडव्या कोनातूनही वाचता येते, म्हणून घेणाऱ्याला शंकाही येत नाही. काच आणि पडदा पारदर्शक चिकट थराने एकमेकांना जोडलेले असतील तर हा आरसा तयार होत नाही. आमच्या चारांपैकी एका उपकरणात तो स्पष्ट होता, आणि त्या उपकरणाचे आकडे सर्वांत मोठे असूनही काकांनी दुसऱ्याच डाइव्हला ते पाटीवरून काढायला सांगितले.

तिसऱ्या आणि चौथ्या जातीचे पडदे गढूळ पाण्यात निःसंशय सरस ठरले. स्वतःचा प्रकाश असलेला आकडा भोवतालच्या विखुरलेल्या प्रकाशापेक्षा कितीतरी उजळ असतो, त्यामुळे वाटेत काही भाग गमावूनही तो ठसठशीत उरतो. जहाजाच्या सांगाड्याखालच्या सावलीत तर साध्या एलसीडीसाठी दर वेळी बटण दाबावे लागत होते, आणि टॉर्चचा झोत समोरून टाकला तर कणांवरून उसळलेल्या प्रकाशाने आहे तेही दिसेनासे होत होते. टॉर्च वापरायचाच असेल तर तो बाजूने, पडद्याला जवळजवळ समांतर धरावा लागतो. मात्र बोटीवर भर दुपारच्या उन्हात दोन डाइव्हमधला अवकाश पाहताना क्रम उलटा झाला: पहिल्या दोन जाती ऊन जितके प्रखर तितक्या स्वच्छ दिसत होत्या, आणि अमोलेडवर हाताची सावली धरावी लागत होती. पोलराइज्ड गॉगल घालून एलसीडीकडे पाहिले तर ठरावीक कोनात पडदा काळाच होतो, हेही लक्षात ठेवलेले बरे.

एवढ्यावर कोणीही ‘मग अमोलेड घ्या’ असे म्हणून थांबेल. मी थांबू शकत नाही, कारण माझ्या दुकानात येणाऱ्या डायव्हिंगवाल्यांपैकी निम्मे जण चाळिशी लागलेले असतात, आणि चाळिशीच्या डोळ्याचा प्रश्न केवळ उजेडाने सुटत नाही.

मास्कच्या सपाट काचेतून पाहताना अपवर्तनामुळे पाण्यातली वस्तू तिच्या खऱ्या अंतराच्या तीन चतुर्थांश अंतरावर भासते. मनगट डोळ्यापासून चाळीस सेंटिमीटरवर आहे आणि त्यातले चार सेंटिमीटर मास्कमधली हवा आहे असे धरले, तर उरलेल्या छत्तीसचे सत्तावीस होतात आणि पडद्याची प्रतिमा डोळ्यापासून एकतीस सेंटिमीटरवर येते. जमिनीवर ज्या वाचनासाठी डोळ्याला अडीच डायॉप्टर (चष्म्याचा नंबर याच एककात असतो) जोर लावावा लागतो, त्यासाठी पाण्यात सव्वातीन लावावा लागतो. पन्नाशीच्या डोळ्यात एवढा जोर उरलेला नसतो. भरपाई म्हणून आकडा सुमारे तीस टक्के मोठा भासतो हे खरे, पण धूसर झालेली गोष्ट मोठी झाल्याने ती स्वच्छ होत नाही. त्यातच अंधुक प्रकाशात बाहुली रुंदावते आणि जी थोडीफार धूसरता दुपारच्या उजेडात खपून गेली असती ती उघडी पडते. दुकानात ‘मला अजून जवळचा चष्मा लागत नाही’ असे सांगणारी पंचेचाळिशीची माणसे पाण्याखाली उपकरण हात ताणून दूर धरतात, ते यामुळे. हात पूर्ण ताणून साठ सेंटिमीटरवर नेला की लागणारा जोर सव्वादोन डायॉप्टरवर उतरतो, पण तेवढ्या अंतरात गढूळ पाणी कॉन्ट्रास्टचा आणखी मोठा वाटा खाऊन टाकते. म्हणजे नेत्राणीला जो उपाय चालतो तो ग्रँड बेटाला चालत नाही.

रंगांबाबत तर सर्रास उलटी समजूत आहे. लाल रंग पाण्यात लवकर नाहीसा होतो, म्हणून पडद्यावरचे लाल आकडे दिसणार नाहीत, असे नवशिक्यांना सांगितले जाते. ते बरोबर नाही. वरून येणाऱ्या सूर्यप्रकाशातला लाल भाग काही मीटरांत संपतो, पण पडद्याने स्वतः निर्माण केलेल्या लाल प्रकाशाला डोळ्यापर्यंत अर्धा मीटरही जायचे नसते. लाल आकडा दिसतो. अडचण तो वाचण्याची असते. आमच्या व्यवसायात नंबर तपासताना लाल आणि हिरव्या पार्श्वभूमीवरची अक्षरे दाखवून कोणती अधिक ठळक दिसतात असे विचारतात, ते आठवा. डोळ्याच्या भिंगातून लाल प्रकाश हिरव्यापेक्षा किंचित मागे एकवटतो. चाळिशीच्या डोळ्यात जवळच्या वस्तूची प्रतिमा आधीच दृष्टिपटलाच्या मागे पडू पाहत असते. तिथे लाल आकडा आणखी मागे जातो आणि सर्वांत धूसर होतो. शिवाय मंद प्रकाशात लाल रंगाविषयीची डोळ्याची संवेदनशीलता सर्वांत आधी घटते. बहुतेक रंगीत कॉम्प्युटरांत पांढरा म्हणजे सर्व ठीक, पिवळा म्हणजे सावध आणि लाल म्हणजे धोका, अशी रचना असते. म्हणजे जो आकडा तातडीने वाचायला हवा तोच सर्वांत अवघड रंगात येतो. लुकलुकणारा लाल आकडा लक्ष वेधून घेतो यात शंका नाही, आणि त्यासाठी तो असावाच. पण आमच्या पाटीवर तो वाचताना काका दर वेळी हात मागेपुढे करत होते, आणि पिवळ्या आकड्याला त्यांनी तसे एकदाही केले नाही. लाल-हिरव्यातला फरक ज्यांना जन्मतःच कमी कळतो अशा पुरुषांची संख्या बायकांपेक्षा पुष्कळ अधिक असते. त्यांनी तर केवळ रंगावर सूचना देणारे उपकरण घेऊच नये.

मग चाळिशीवाल्याला वाचवतो तो काय? आकड्याची उंची आणि त्याच्या रेषेची जाडी. चाळीस सेंटिमीटरवर उत्तम दृष्टीच्या माणसाला जेमतेम ओळखू येणारे अक्षर सुमारे ०.६ मिलिमीटर उंचीचे असते आणि सुखाने वाचायला त्याच्या किमान तिप्पट उंची लागते; ही स्वच्छ हवेतली गोष्ट झाली. चारही उपकरणांवर मी मोजपट्टी ठेवून पाहिले. मुख्य खोलीचा आकडा सगळीकडे सहा मिलिमीटरपेक्षा मोठा होता, पण उरलेली नो-डेको वेळ (वर येताना सक्तीचे थांबे न घेता त्या खोलीवर आणखी किती राहता येईल ती), थांब्याची उलटी मोजणी आणि सिलिंडरचा दाब यांपैकी काही ना काही दोन मिलिमीटरच्या आसपास आणि बारीक रेषेत बसवलेले होते. पडद्यात ठिपके कितीही दाटीने असले तरी दोन मिलिमीटरचा आकडा दोन मिलिमीटरचाच राहतो. गोल घड्याळवजा पडद्यांत कडेची जागा वाया जाते आणि तिथेच दुय्यम आकडे कोंबलेले असतात. त्यामुळे अमोलेडच्या लहान गोल पडद्यापेक्षा रंगीत एलसीडीचा रुंद आयताकृती पडदा काकांना आणि मला दोघांनाही सरस वाटला, जरी काळ्याची गडदता आणि रंगांची शुद्धता अमोलेडची वरचढ होती. ज्यांना थोडे दृष्टिवैषम्य (ॲस्टिग्मॅटिझम, ज्यासाठी चष्म्यात सिलिंड्रिकल नंबर लागतो) आहे त्यांना काळ्यावरच्या अतिउजळ पांढऱ्या आकड्याभोवती प्रभा पसरलेली दिसते. त्यांनी उजळपणा मध्यम ठेवला तर आकडा उलट अधिक रेखीव होतो, आणि बॅटरीही वाचते.

मांडणी बदलण्याची सोय असेल तर ती पहिल्याच दिवशी वापरावी. सुंटोच्या इऑन मालिकेत आणि डी५ मध्ये ‘प्रॉमिनंट’ नावाची मोठ्या आकड्यांची मांडणी आहे, टेरिकमध्येही मोठ्या आकड्यांची मांडणी निवडता येते. तरीही पुष्कळ जण डबा उघडल्यावर जी समोर आली तीच वर्षानुवर्षे वापरताना मी पाहते. डाइव्ह चालू असताना मला चारच आकडे हवे असतात: खोली, गेलेली वेळ, नो-डेको वेळ आणि दाब. पाण्याचे तापमान आणि होकायंत्र यांना पडद्याचा तिसरा हिस्सा देण्यात मला अर्थ वाटत नाही. आपल्याकडचे पाणी २६ ते २९ अंशांच्या दरम्यान असते आणि ते अंगाला कळतेच.

घड्याळवजा अमोलेडपैकी काहींत बॅटरी वाचवण्यासाठी मनगट खाली गेले की पडदा मंद होतो आणि वर उचलल्यावर उजळतो. पाण्यात हात संथपणे वर येतो, आणि आमच्याकडच्या उपकरणाला ती हालचाल कित्येकदा ओळखता आली नाही. सेटिंगमध्ये जाऊन डाइव्हपुरता पडदा सतत उजळ ठेवल्यावर ही तक्रार मिटली.

ओरखड्यांची मात्र फार काळजी करू नये. प्लॅस्टिकच्या काचेवरचे बारीक ओरखडे पाण्याने भरले की जवळजवळ दिसेनासे होतात, कारण पाणी आणि प्लॅस्टिक यांच्या अपवर्तनांकांतला फरक हवेपेक्षा पुष्कळ कमी असतो. त्याउलट घाईने लावलेल्या संरक्षक फिल्मखाली राहिलेला हवेचा बुडबुडा पाण्यात चांदीच्या ठिपक्यासारखा चमकतो आणि नेमका एखादा आकडा झाकतो.

यातले बरेचसे विकत घेण्याआधी घरी तपासता येते, आणि मी तर तसा आग्रहच धरेन, कारण चांगल्या रंगीत कॉम्प्युटरची किंमत साध्या एलसीडीच्या तिप्पट-चौपट असते. मित्राकडून उपकरण मागून आणावे, काळी बादली पाण्याने भरावी, मास्क लावून त्याची काच पाण्याला टेकवावी आणि उपकरण आत हळूहळू तिरके करत जावे. आरसा होणार असेल तर तो तिथेच होतो. नंतर खोलीतले दिवे कमी करावेत आणि पाण्यात दोन-तीन चमचे दूध ढवळावे. आपल्या ऑक्टोबरच्या समुद्राची बऱ्यापैकी कल्पना येते. त्या दुधाळ पाण्यात तुमच्या स्वतःच्या डोळ्यांना सर्वांत लहान आकडा वाचता आला, तर उपकरण तुमच्या कामाचे.

डोळ्याच्या बाजूने करण्यासारखा एक उपाय राहिला. मास्कच्या काचेला आतून लहान वाचनभिंग चिकटवता येते. त्याचा नंबर मी जमिनीवरच्या वाचनाच्या नंबरापेक्षा साधारण अर्ध्या डायॉप्टरने जास्त देते, कारण वर सांगितलेला जादा जोर कुठूनतरी भरून काढायला हवा. भिंग दोन्ही डोळ्यांना लावण्याची गरज नसते. उपकरण डाव्या मनगटावर असेल तर डाव्या काचेच्या खालच्या कोपऱ्यात ते पुरते आणि समोरचे दृश्य मोकळे राहते. दोन-अडीच मायनस नंबर असलेल्या पन्नाशीच्या माणसाने तर मास्कमध्ये दोन्ही डोळ्यांना पूर्ण नंबर बसवून घेण्याआधी थांबून विचार करावा, कारण त्याच्या उघड्या डोळ्याला मनगटावरचे आयतेच स्वच्छ दिसते. एका डोळ्याचा नंबर थोडा कमी ठेवला तर दोन्ही कामे होतात.

काकांच्या मास्कला गेल्या मोसमात मी असे भिंग लावले तेव्हा ते फार वर बसले आणि त्यांना जोडीदाराचे पायच धूसर दिसू लागले. आता ते पाच मिलिमीटर खाली घेतले आहे. माझ्या मनगटावर यंदा रुंद पडद्याचा रंगीत एलसीडी असेल, मोठ्या आकड्यांच्या मांडणीत आणि मध्यम उजेडावर. जुना सात दांड्यांचा कॉम्प्युटर मी टाकलेला नाही, तो दुसऱ्या मनगटावर राहील. बोटी ऑक्टोबरात पुन्हा सुरू झाल्या की पाटी घेऊन पहिली डाइव्ह सुझीज रेकवरच करायची, असे काकांशी ठरले आहे.